गिरणगावातून मुलाखतीला जाताना

मुंबईच्या गिरणगावात, कापडगिरणीत मुलाखत होत नसे. पहाटे दाराशी जाऊन उभं राहायचं आणि कामगार भरणाऱ्या जॉबरची नजर आपल्यावर पडते का, ते बघायचं. जॉबर बहुधा गाववाला असे, निदान गाववाल्याच्या ओळखीतला, आणि त्या ओळखीचे पैसे मोजावे लागत. कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची दखल घेतली होती. पुढे १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने, गैरहजराच्या जागी घ्यायच्या कामगारांसाठी, बदली नियंत्रण योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला निवडक लोकांना बदली कार्डं मिळू लागली, पण कार्ड खिशात असलं तरी रोज सकाळी गिरणीवर हजर राहायचं आणि कुणी खाडा केला असेल तरच आत जायचं, हे चालूच राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि अनेकांसाठी ते दार परत उघडलंच नाही.

आज त्या कामगारांची नातवंडं त्याच जमिनीवर नोकरी मागायला जातात. ज्युपिटर मिलच्या जागी वन वर्ल्ड सेंटर उभं आहे, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आहेत, फिनिक्स मिलचा मॉल झाला आहे. दारावर आता जॉबर नसतो. पाहुण्यांची नोंद करणारा सुरक्षारक्षक असतो. आत एका टेबलापलीकडे तीन माणसं बसलेली असतात. ती काय बघतात, काय लिहून घेतात, हे सांगणारं घरात कुणी नसतं, कारण त्या घरातल्या कुणी मुलाखत दिलेलीच नसते. ‘ओळख लावावी लागते’ एवढी एकच शिकवण पिढ्यांनी पुढे दिली. सत्तरच्या दशकात स्थानीय लोकाधिकार समित्यांनी बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांमधल्या नोकऱ्या स्थानिक मराठी मुलांना मिळाव्यात म्हणून मोर्चे काढले, त्याचबरोबर मुलांकडून परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करून घेण्याचे वर्गही चालवले. त्या वर्गांतून गेलेल्या माणसाच्या घरात ही माहिती राहिली. इतरांच्या घरात ती अजून पोचायची आहे. म्हणून ही सगळी प्रक्रिया पहिल्यापासून उलगडून सांगतो.

आधी मुलाखत आहे की नाही, ते बघा. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. तिथे लेखी परीक्षा आणि गरजेप्रमाणे कौशल्य चाचणी एवढंच असतं. सरकारी बँकांतल्या लिपिकपदालाही मुलाखत नाही. प्रोबेशनरी ऑफिसरला मात्र आहे: बहुतेक सरकारी बँकांत मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांचं वजन ८०:२० धरतात, आणि मुलाखतीत खुल्या प्रवर्गाला किमान ४० टक्के, राखीव प्रवर्गाला ३५ टक्के लागतात. म्हणजे लेखी परीक्षेत वर आलेला मुलगा मुलाखतीतल्या किमान गुणांवर अडकू शकतो. जिथे मुलाखतच नाही, तिथे ‘मुलाखतीत काम करून देतो’ म्हणणारा माणूस भेटला तर तो फसवतो आहे हे उघड आहे. खऱ्या मुलाखतीसाठीही कुणाला पैसे द्यायचे नसतात. अनामत, गणवेश, प्रशिक्षण शुल्क, ‘फाइल चार्ज’ असं कुठलंही नाव सांगितलं तरी नाही. पैसे ऑनलाइन गेलेच, तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

आता परळचीच एक खरी मुलाखत घेऊ. या भागाला गिरण्यांइतकंच इस्पितळांनी पोसलं आहे. हाफकिन ही संशोधन संस्था १८९९ पासून इथे आहे, केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासून, टाटा मेमोरियल १९४१ पासून. टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाखाली येतं आणि त्यांच्या संकेतस्थळावर वर्षभर ‘वॉक-इन’, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या, मुलाखतींच्या जाहिराती लागत असतात. संशोधन प्रकल्पांसाठी डेटा एंट्री ऑपरेटर, क्लिनिकल ट्रायल को-ऑर्डिनेटर, तंत्रज्ञ, परिचारिका, समाजसेवक अशी ही पदं असतात. बहुतेक कंत्राटी, ठरावीक मुदतीची, एकत्रित मानधनाची. लालबागहून अर्नेस्ट बोर्जेस मार्ग चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तरी या जाहिराती आसपासच्या चाळींत फार थोडे जण वाचतात.

जाहिरात हीच प्रश्नपत्रिका असते. ती छापून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा. ‘किमान पात्रता’, ‘अनुभव’, ‘वयोमर्यादा’, ‘कामाचं स्वरूप’ असे तुकडे त्यात असतात. पात्रतेच्या ओळीत बसत नसाल तर जाऊ नका; कागदपत्रं तपासणाऱ्या टेबलावरूनच परत पाठवतील आणि दिवस वाया जाईल. कामाच्या स्वरूपाच्या ओळी मात्र एकेक करून वहीत उतरवा. समजा डेटा एंट्रीच्या जागेसाठी तिथे रुग्णांच्या नोंदी संगणकावर भरणं, फॉर्म अपुरा असेल तर रुग्णाला फोन करणं आणि नोंदी गोपनीय ठेवणं असं लिहिलं आहे. या तिन्ही ओळींतून प्रश्न निघणार. प्रत्येक ओळीसमोर आपण याच्या जवळचं काय केलं आहे ते लिहा. एखादी ओळ रिकामी राहिली तर त्या कामाची तोंडओळख करून घेण्यासाठी हातात थोडे दिवस आहेत, हे तरी कळतं.

सकाळी काय घडतं तेही सांगतो. नोंदणीची वेळ जाहिरातीत दिलेली असते, उदाहरणार्थ साडेनऊ ते साडेदहा. ती संपली की नाव घेत नाहीत. रांगेत अर्ज भरायला देतात. मूळ कागद आणि स्वतः सही केलेल्या झेरॉक्स ताडून बघतात: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, पॅन, आधार, पासपोर्ट आकाराचे फोटो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र बरोबर ठेवावं, कारण गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर त्या टेबलावर फार वेळ जातो. माणसं जास्त आली तर छोटी लेखी किंवा टायपिंगची चाचणी घेऊन संख्या कमी करतात. मग नाव पुकारेपर्यंत बसायचं. सकाळी नऊला गेलेल्याचा नंबर दुपारी तीनला लागू शकतो. त्यामुळे पाण्याची बाटली, पोळीभाजीचा डबा आणि फोनचा चार्जर पिशवीत हवाच. उपाशीपोटी माणूस आत जाऊन तुटक उत्तरं देतो.

आणि मग आत पाच, दहा, फार तर पंधरा मिनिटं.

या मिनिटांत पलीकडची माणसं काय करतात, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चांगल्या संस्थेत पॅनेलपुढे गुणपत्रक असतं. विषयाचं ज्ञान, अनुभव, संवाद, वागणूक असे रकाने असतात आणि प्रत्येक सदस्य त्यात आकडा टाकतो. मुलाखती कितपत खऱ्या ठरतात, यावर जगभर खूप अभ्यास झाला आहे. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा फेरहिशोब मांडला. त्यात पुढच्या कामाचा अंदाज बांधण्यात आखीव मुलाखत सगळ्या साधनांच्या वर आली. आखीव म्हणजे सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण. सैल गप्पांची मुलाखत तिच्या निम्म्याहूनही खाली राहिली. याचा आपल्याला उपयोग असा, की आखीव मुलाखतीत छाप पाडण्यापेक्षा रकान्यात लिहिण्याजोगं काही देणं जास्त महत्त्वाचं ठरतं. ‘मी खूप मेहनती आहे’ हे कुठल्या रकान्यात लिहिणार? ते सगळेच म्हणतात. ‘दोन हजार पावत्या बँकेच्या खात्याशी ताडून बघितल्या, सात जुळत नव्हत्या, त्या शोधल्या’ हे ऐकलं की पेन चालतं.

इथे लालबाग-परळ-गिरगावच्या मुलांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. तुमच्याकडे सांगण्यासारखं काम आहे आणि तुम्ही ते अर्जाच्या तळाशी ‘छंद: सामाजिक कार्य’ एवढ्या दोन शब्दांत पुरून टाकता. केशवजी नाईक चाळीचा गणेशोत्सव १८९३ पासून चालू आहे, गणेश गल्लीचा १९२८ पासून, लालबागच्या राजाचा १९३४ पासून. ही मंडळं कशी चालतात ते आठवा. मंडपासाठी महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी काढावी लागते. पावतीपुस्तकं छापून, वाटून, परत गोळा करावी लागतात. नोंदणीकृत न्यास असेल तर हिशोब तपासून वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जातो. नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग वेगळी ठेवून रात्री दोन वाजताही माणसं हलती ठेवावी लागतात. चुकलेलं मूल आईबापांकडे पोचवावं लागतं. रक्तदान शिबिरात रक्तपेढीशी बोलणी, यादी, नाश्ता, प्रमाणपत्रं, सगळं कुणीतरी करतं. हे करणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगा मुलाखतीत ‘अनुभव?’ असं विचारल्यावर ‘फ्रेशर आहे’ म्हणून गप्प बसतो, तेव्हा खरंच वाईट वाटतं.

हा अनुभव सांगण्याची एक सोपी रीत आहे: प्रसंग काय होता, माझ्यावर काय सोपवलं होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. चार वाक्यं. एक नमुना बघा. ‘आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. नावनोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. आदल्या वर्षी कागदावर नोंदी केल्यामुळे फोन नंबर चुकले होते आणि काहींना प्रमाणपत्रं पोचलीच नव्हती, म्हणून मी नोंदी थेट एक्सेलमध्ये घेतल्या आणि प्रत्येकाला तिथेच मिस्ड कॉल देऊन नंबर तपासला. या वेळी सगळी प्रमाणपत्रं आठवड्यात पोचली.’ जेमतेम अर्धं मिनिट लागतं. डेटा एंट्रीच्या जागेला याहून नेमकं उत्तर दुसरं कुठलं असेल? यातलं ‘मी’ महत्त्वाचं आहे. मंडळात वाढलेल्या मुलांना ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय असते, ती सवय चांगलीच आहे, पण पॅनेलला तुमच्या एकट्याच्या वाट्याचं काम कळायला हवं. आणि आकडा फुगवू नका. पुढचा प्रश्न नेहमी त्या आकड्यावरच येतो.

असे पाच-सहा प्रसंग आधी वहीत लिहून काढा: हिशोबाचा, भांडण मिटवल्याचा, चूक सुधारल्याचा, वेळेत काम उरकल्याचा, नवीन काही शिकल्याचा. बहुतेक प्रश्नांची उत्तरं या पाच-सहांतूनच निघतात. घरची खानावळ असेल, आई डबे देत असेल आणि तुम्ही हिशोब ठेवत असाल, तर तोही अनुभवच. दादरच्या फूलबाजारात काकांच्या गाळ्यावर पहाटे बसला असाल, तर गिऱ्हाइकाशी बोलणं तुम्ही वर्गात बसून शिकलेल्या कुणापेक्षाही जास्त जाणता.

‘स्वतःबद्दल सांगा’ हा पहिला प्रश्न ठरलेला. त्यावर बरीच मुलं वडिलांचं नाव, गाव आणि भावंडं इथून सुरुवात करतात. ते अर्जात आहेच. शिक्षण एका वाक्यात, केलेलं काम दोन वाक्यांत, आणि या जागेवर का आलो ते एका वाक्यात सांगा. ‘मी कीर्ती कॉलेजमधून बीकॉम केलं. दोन वर्षं मंडळाच्या पावत्यांचा हिशोब माझ्याकडे आहे, आणि गेलं वर्षभर औषधांच्या दुकानात बिलिंग करतो. तुमच्या जाहिरातीत रुग्णांच्या नोंदींचं काम आहे. नोंदी अचूक ठेवण्याचं काम मला जमतं आणि आवडतं.’ इथे थांबा. थांबल्यावर शांतता झाली तरी ती भरून काढायला जाऊ नका. पलीकडचे लिहीत असतात.

मध्ये वर्ष-दोन वर्षांचा खंड असेल तर तो विचारतातच. वडिलांचं आजारपण, स्पर्धा परीक्षेची तयारी, जे असेल ते एका वाक्यात खरं सांगा, आणि त्या काळात काय शिकलात ते दुसऱ्या वाक्यात. एखादं उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ म्हणा; चाचरत बनवलेलं उत्तर अनुभवी माणूस लगेच ओळखतो. मुलींना अजूनही ‘लग्नानंतर काय?’ असं विचारलं जातं. नोकरभरतीत स्त्री म्हणून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती, आणि वेतन संहितेतही ती मनाई आहे. पण त्या खोलीत कायदा सांगत बसण्यापेक्षा ‘कामाच्या वेळा मी वाचल्या आहेत आणि त्या मला जमतील’ एवढं शांतपणे सांगून विषय कामाकडे वळवणं बहुतेकींना सोयीचं जातं. तसं ठिकाण पुढे नको वाटलं, तर नको म्हणण्याचा हक्क तुमचा आहे.

इंग्रजीची धास्ती मोठी असते. माझं मत स्पष्ट आहे: उत्तर आधी मराठीत तयार करा, कारण विचार मराठीत नीट झालेला नसेल तर इंग्रजीत फक्त घोकलेली वाक्यं उरतात. मग तेच उत्तर छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत मांडा आणि मोठ्याने बोला. मनात बोललेलं मोजायचं नाही. इंग्रजीत अडखळलात तर हिंदीत किंवा मराठीत बोलू का, असं सरळ विचारा. इस्पितळात तर मराठी ही जमेची बाजू आहे. केईएमच्या ओपीडीत रत्नागिरी, सिंधुदुर्गहून आलेल्या आजीला तारीख समजावून सांगणारं माणूस तिथे हवंच असतं.

सरावासाठी जागा हवी. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असताना मोठ्याने उत्तर म्हणायला संकोच वाटतो. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा एखाद्या मंडळाच्या अभ्यासिकेत शांतपणे वाचन होईल, पण बोलण्याच्या सरावासाठी संध्याकाळी गच्ची किंवा मंडळाचं कार्यालय बरं. दोन मित्रांना प्रश्न विचारायला बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. एकदाच ऐकलं तरी पुरतं: ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ किती वेळा येतं ते आपलं आपल्याला कळतं. नागरी सेवांच्या मुलाखतीपर्यंत पोचलेल्यांसाठी सीएसएमटीजवळची राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था सराव मुलाखती घेते. तो मार्ग वेगळा आणि लांबचा आहे, इथे त्यात शिरत नाही.

ऑनलाइन मुलाखत असेल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. चाळीत हे सांगितलं की लोक ऐकतात, रेडिओसुद्धा बंद करतात. फोन पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, खिडकीकडे तोंड करून बसा, आणि दुसरं सिमकार्ड तयार असू द्या.

प्रत्यक्ष जायचं असेल तर एक दिवस आधी त्याच वेळेला जाऊन या. लोअर परळमध्ये एकाच आवारात अनेक इमारती, त्यांना अनेक दारं आणि प्रत्येक दारावर वेगळी नोंद. ओळखपत्र, फोटो, पास, लिफ्टची रांग यात वीस मिनिटं सहज जातात. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यापासून परळहून प्रभादेवीकडे टॅक्सी करी रोड किंवा दादरच्या टिळक पुलाने वळसा घेते. रेल्वेच्या पादचारी पुलावरून चालत गेलेलं बरं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरतं, तेव्हा कोरडा शर्ट आणि बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा आणि तिथे पोचल्यावर बदला. कपड्यांबद्दल एवढंच: स्वच्छ, इस्त्री केलेले, आणि आधी एकदा घालून बघितलेले.

‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ असं शेवटी विचारतील. तेव्हा विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल? करार किती महिन्यांचा आहे आणि तो वाढवताना काय बघतात? निकाल कसा कळवाल?

पगाराचं बोलणं निघालं की वार्षिक सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणाऱ्या एकूण खर्चाचा आकडा सांगतात. तो हातात येत नाही. समजा तीन लाख सांगितले, म्हणजे महिन्याला २५,०००. मूळ पगार त्याच्या निम्मा, १२,५०० असेल, तर मालकाच्या वाट्याचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ६००, या २५,००० मध्येच धरलेले असतात. उरले २२,९००. त्यातून तुमच्या वाट्याचे १,५०० निधीत जातात आणि २०० व्यवसाय कर. फेब्रुवारीत हा कर ३०० कापतात. दरमहा २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात हा कर नाही. हातात येतात साधारण २१,२००. डोंबिवलीहून येणाऱ्याने लोकलचा पास आणि जेवण त्यातून वजा करून बघावं, आणि मगच हो म्हणावं. कंत्राटी जागेवर ‘एकत्रित मानधन’ म्हटलं असेल तर निधी कापणार का, रजा किती, हे त्याच दिवशी विचारा.

होकार आला तर तो लेखी घ्या. नियुक्तिपत्रात पद, पगार, रुजू होण्याची तारीख, करार संपण्याची तारीख आणि नोटिशीचा काळ आहे का ते वाचा, मगच आधीच्या ठिकाणी राजीनामा द्या. नकार आला, किंवा काहीच आलं नाही, तर दहा दिवसांनी एक नम्र ईमेल पाठवून विचारणा करायला हरकत नाही. मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न वहीत लिहून ठेवा, जमलेले आणि न जमलेले. ती वही मग गल्लीतल्या पुढच्या मुलीला द्या. परळच्या इस्पितळांच्या जाहिराती दर महिन्याला येतच असतात.